पन्हाळ्याच्या गेमला कुलूप कुठं लावायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेले चौघं मित्र पन्हाळ्याच्या वेढ्यावर पीसीसाठी रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेम बनवतायत. एकट्यानं खेळायची मोहीम आहे, चौघांपर्यंत मल्टिप्लेअर आहे आणि गेम स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकायचा आहे. एक मित्र म्हणतो, गेम उघडतानाच तो विकत घेतलाय का याची नेटवरून तपासणी हवी, नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो फुकट फिरायला लागेल. दुसरा म्हणतो, कसलंच कुलूप नको. ज्यानं विचारलं त्यानं शेवटी लिहिलंय, ‘दादा, तुम्ही असता तर काय केलं असतं?’

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. मोहिमेला मी कसलंही कुलूप लावलं नसतं. ऑनलाइन मल्टिप्लेअरच्या दारात प्रत्येकाची ओळख कडक तपासली असती. लॅनवर, म्हणजे नेटशिवाय पीसी एकमेकांना जोडून, खेळायची सोय पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली असती. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे लगेच कळेल: तालमीत लाल मातीत उतरायचं तर वस्तादाला विचारावं लागतं, तिथं शिस्त आहे, जोड आहे, दुसऱ्याच्या हाडांची काळजी आहे. पण घरच्या अंगणात जोर मारायला वस्तादाची परवानगी कोण मागतं?

मी आधी राजारामपुरीत गेमिंग कॅफे चालवला आणि मग बरीच वर्षं गेम स्टुडिओंसाठी लॉगिन आणि लायसन्स तपासणाऱ्या सर्व्हरवर काम केलं. पैसे भरून दाराबाहेर अडकलेला पोरगाही मी पाहिलाय आणि फुकट्यांच्या गर्दीनं सर्व्हर कोसळताना रात्रभर जागणारा इंजिनिअरही.

आधी तुमच्या प्रकारच्या गेमचं पोट उघडून बघू, कारण उत्तर तिथंच आहे. रिअल-टाइम स्ट्रॅटेजीमध्ये बहुतेक वेळा सर्व्हर लढाई चालवतच नाही. १९९७ सालच्या एज ऑफ एम्पायर्सच्या टीमसमोर आठ खेळाडू, १६ एमबी रॅमचा ९० मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि २८.८ चा मोडेम असं लक्ष्य होतं. दीड हजार सैनिकांची जागा, दिशा, जखमा त्या तारेवरून सतत पाठवणं अशक्य होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक खेळाडूच्या पीसीवर तीच लढाई तंतोतंत सारखी चालवली आणि तारेवरून पाठवले फक्त हुकूम: ही तुकडी इकडं हलव, तिथं बुरूज बांध. याला लॉकस्टेप म्हणतात आणि आजही या प्रकारचे बहुतेक गेम याच पद्धतीनं चालतात. तुम्हीही हेच करत असणार.

याचे तीन परिणाम होतात आणि तिन्ही तुमच्या भांडणाशी थेट जोडलेले आहेत. पहिला असा की लढाई खेळाडूच्या पीसीवरच होत असल्यामुळं ‘आमच्या गेमला नेट लागतंच’ हे तांत्रिकदृष्ट्या खरं नसतं. सर्व्हर लागतो तो खेळाडूंची गाठ घालून द्यायला, रेटिंग ठेवायला आणि राउटरच्या भिंती ओलांडून जोडणी करून द्यायला. दुसरा परिणाम म्हणजे प्रत्येक पीसीला सगळं माहीत असतं. पडद्यावर शत्रूला झाकणारं धुकं असलं तरी मेमरीत सिद्दी जौहरची छावणी नेमकी कुठं आहे ते पडलेलं असतं, आणि मॅप हॅक करणारा ते वाचू शकतो. लॉकस्टेपमध्ये हे पूर्ण बंद करता येत नाही. अशी लबाडी करणाऱ्याला ओळखून बाहेर काढणं एवढंच हाती उरतं, आणि त्यासाठी त्याला नवं खातं उघडताना काहीतरी मोजावं लागलं पाहिजे. विकत घेतलेली कॉपी हीच ती किंमत. तिसरा परिणाम: सगळ्यांची आवृत्ती अक्षरशः सारखी लागते. क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडलेली, कॉपी बहुधा जुन्या पॅचवर (दुरुस्त आवृत्तीवर) अडकलेली असते, त्यामुळं दहाव्या मिनिटाला ‘आउट ऑफ सिंक’, म्हणजे पीसींवरच्या लढाया जुळेनाशा झाल्याचा संदेश, येऊन सगळ्यांचाच सामना मोडतो. पायरेटेड कॉपीवाल्याला आत घेतल्याचा त्रास त्याच्यापेक्षा पैसे भरलेल्यांना जास्त होतो.

म्हणून मल्टिप्लेअरच्या दारात तपासणी हवीच. ‘काहीच कुलूप नको’ म्हणणाऱ्या मित्राला हे नीट समजावून सांग.

आता नेट सक्तीचं करू पाहणाऱ्या मित्राकडं वळतो, आणि इथं डेमिगॉडची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण तुमच्यासारख्या छोट्या टीमनं शिकावं असं तिच्यात सगळं आहे. एप्रिल २००९ मध्ये आलेला हा स्ट्रॅटेजी गेम गॅस पॉवर्ड गेम्सनं बनवला आणि स्टारडॉकनं प्रकाशित केला. स्टारडॉकची भूमिका आधीपासून स्पष्ट होती: डिस्कवर कॉपी प्रोटेक्शन नको, पैसे भरणाऱ्याला पॅचेस आणि सेवा चांगली द्यायची. २००६ चा गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स २ आणि २००८ चा सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर त्यांनी असेच विकले होते आणि सिन्सच्या पाच लाखांवर प्रती गेल्या होत्या. डेमिगॉडच्या वेळी एका मोठ्या दुकानसाखळीनं ठरलेल्या तारखेच्या आधीच डिस्क विकायला काढली. गेम लगेच टोरेंटवर, म्हणजे फुकट कॉप्या फिरतात तिथं, गेला. कंपनीची तयारी ठरलेल्या तारखेसाठी होती, आणि त्याआधीच सर्व्हरवर सुमारे एक लाख वीस हजार जोडण्या येऊन आदळल्या. त्यात पैसे भरलेले ग्राहक होते सुमारे अठरा हजार.

इथं नीट बघ. पायरेटेड कॉपीवाल्यांना मल्टिप्लेअर खेळताच येत नव्हतं, तिथं दार होतं. पण गेम चालू झाला की तो अपडेट आहे का, बातमी काय, असल्या छोट्या चौकशा सर्व्हरकडं करायचा, आणि त्या चौकशांना दार नव्हतं. लाखभर कॉप्यांच्या त्या चौकशांनी सगळी यंत्रणा तुंबली, आणि ज्यांनी पैसे दिले त्यांना सामने मिळेनात. पहिल्या परीक्षणांत गेमची मल्टिप्लेअर मोडकी म्हणून नोंद झाली. टीमनं घाईघाईनं खऱ्या ग्राहकांसाठी वेगळी यंत्रणा उभी केली, पण पहिला आठवडा गेला तो गेला.

बरेच जण या गोष्टीतून ‘म्हणून गेमलाच कडक कुलूप हवं’ असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. गेम टोरेंटवर जाणारच होता, आणि कुलूप तोडल्यावरही त्या कॉप्यांनी चौकशा केल्याच असत्या. चूक रचनेत होती: ओळख पटण्याआधी ज्या विनंत्या येतात त्या आणि ओळख पटल्यानंतरच्या सेवा एकाच पायावर उभ्या होत्या. तुम्ही अपडेटची माहिती एका साध्या स्थिर फाइलमध्ये ठेवा आणि ती सीडीएनवरून, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून, वाटा. लॉगिनचा सर्व्हर वेगळा, लॉबीचा, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात त्या जागेचा, वेगळा. लॉबीच्या सर्व्हरनं ओळख पटल्याचं तिकीट नसलेल्या माणसाशी एक बाइटसुद्धा बोलू नये. आणि विनंती फसली की गेमनं लगेच पुन्हा न विचारता थांबत थांबत, दर वेळी थांबा वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवून विचारावं. हे नसलं की सर्व्हर उठतो आणि सगळ्या कॉप्या एकाच सेकंदाला त्याच्या अंगावर पडून त्याला परत झोपवतात.

उलटी बाजू २०१३ च्या सिमसिटीनं दाखवली. एकट्यानं शहर वसवायचं तरी सतत नेट हवं. ५ मार्चला गेम आला, सर्व्हर भरले, पैसे भरलेली माणसं रांगेत उभी राहिली, अॅमेझॉननं डाउनलोडची विक्री काही काळ थांबवली. कंपनी म्हणत होती की शहराचं बरंच गणित सर्व्हरवर होतं म्हणून नेट अनिवार्य आहे. काही दिवसांतच गेमच्या फाइल बदलणाऱ्या एका हौशी मॉडरनं नेट तुटल्यावर गेम बंद करणारा टायमर काढून दाखवला आणि शहर निवांत चालत राहिलं. वर्षभरानं, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनंच ऑफलाइन मोड दिला. पुढच्याच वर्षी सिटीज: स्कायलाइन्स आला, नेट न मागणारा, आणि पहिल्या २४ तासांत त्याच्या अडीच लाख प्रती विकल्या गेल्या. मार्च २०१० मध्ये कमांड अँड काँकर ४ आणि सेटलर्स ७ यांनीही एकट्याच्या खेळाला सतत नेट सक्तीचं केलं होतं. सेटलर्सच्या प्रकाशकाच्या त्या तपासणी सर्व्हरवर त्याच महिन्यात हल्ला झाला आणि त्यांचे गेम विकत घेतलेलेच लोक बाहेर राहिले. क्रॅकवाल्यांना ना रांग ना लॉगिन. पुढं त्या प्रकाशकानं सततच्या नेटची अट सोडून एकदाच अॅक्टिव्हेशन घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडचं सांगायचं तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आठव. पंचगंगा शहरात शिरली, हायवे बंद, नेट जायचं ते कधी येईल सांगता येत नव्हतं. ज्यांच्या घरी वीज होती ती पोरं पीसीसमोर बसून होती. त्या दिवसांत मला ओळखीच्यांचे जे फोन आले त्यातले बरेच एकाच प्रश्नाचे होते: गेम इन्स्टॉल आहे, पैसे दिलेत, मग उघडत का नाही? तुमचा गेम विकत घेणारा पहिला माणूस इथलाच असणार. बाहेर पाणी चढतंय आणि आत मोहीम उघडायला नेट हवं, अशी वेळ त्याच्यावर आणू नका.

कॅफेवाल्याच्या नजरेतून लॅनबद्दलही बोलायला हवं. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये स्पॉन नावाची सोय होती: एका सीडीवरून मित्रांच्या पीसीवर मर्यादित कॉपी टाकायची आणि सगळ्यांनी मिळून मल्टिप्लेअर खेळायचं. मोहीम खेळायची तर मात्र स्वतःची सीडी. किती समजूतदारपणा होता त्यात! चार पोरं एकत्र खेळली की त्यातली दोघं घरी जाऊन वडिलांकडं गेमसाठी हट्ट धरायची. २०१० मध्ये स्टारक्राफ्ट २ आला तो लॅनशिवाय. पायरसी आणि परवानगीशिवायच्या सर्व्हरची भीती हे त्यामागचं मोठं कारण होतं, आणि ती भीती निराधार नव्हती. पण एकाच खोलीत शेजारी बसलेल्या चौघांनाही आता बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन यावं लागत होतं. आमच्या कॅफेत लाइन डळमळली की सामना गेला. मोठ्या स्पर्धांतसुद्धा प्रेक्षकांसमोर जोडणी तुटून सामने थांबले. शेवटी २०१३ च्या विस्तारात रिप्लेवरून (सामन्याच्या नोंदीवरून) सामना पुढं चालू करायची सोय द्यावी लागली.

मग क्रॅकचं काय, पैसे बुडणार नाहीत का? काही बुडतील. २०१३ मध्ये गेम डेव्ह टायकून बनवणाऱ्या दोघा भावांनी पहिल्याच दिवशी स्वतःच टोरेंटवर एक कॉपी टाकली, जिच्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी पायरसीमुळं हळूहळू दिवाळखोर व्हायची. दिवसाअखेर त्यांनी मोजलं तर ९३.६ टक्के खेळाडू त्या कॉपीवर होते. खरे ग्राहक फक्त २१४. आकडा बघून पोटात गोळा येतो. पण त्यातले किती जण कुलूप असतं तर विकत घेणार होते, हे त्या आकड्यात नाही. माझा अनुभव असा की फार थोडे. कॅफेच्या सुरुवातीच्या काळात आपल्या शहरात अस्सल बॉक्स शोधून मिळत नसे. संगणक मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरचा डेमो आणि गल्लीतल्या दुकानातली कॉपी केलेली डिस्क, एवढंच हाताशी असायचं. ती परिस्थिती कुठल्याही कुलपानं बदलली नाही. ती बदलली नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या तेव्हा, आणि क्रेडिट कार्ड नसलेल्या पोराला मोबाइलवरून पैसे भरता यायला लागले तेव्हा. स्टीमच्या गेब न्यूवेलनी २०११ मध्येच म्हटलं होतं की पायरसी हा बहुतेक वेळा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न असतो. राजारामपुरीत मी ते घडताना पाहिलंय. म्हणून डॉलरच्या किमतीचा सरळ गुणाकार करून रुपयांची किंमत ठरवू नका. ती वेगळा विचार करून ठरवा.

गुपचूप सापळे लावायचा मोह मात्र टाळा. १९९८ च्या सेटलर्स ३ मध्ये कॉपी चोरीची असली की लोखंडाच्या भट्टीतून डुकरं बाहेर यायची. रेड अलर्ट २ मध्ये तीस सेकंदांत सगळा तळ उडायचा. ऐकायला मजेदार आहे, पण तपासणी कधीतरी चुकते आणि पैसे भरलेल्याच्या भट्टीतून डुक्कर निघतं. शिवाय क्रॅकवाला जगाला ‘मी पकडला गेलो’ असं सांगत नाही, तो ‘गेममध्ये बग आहे’ असं लिहितो. २००६ च्या टायटन क्वेस्टचं हेच झालं. क्रॅक झालेली कॉपी सुरक्षा तपासणीला लागून बंद पडायची, आणि गेम मोडका असल्याची बोंब विक्री सुरू होण्याआधीच पसरली.

सर्व्हर मरतो तेव्हा काय होतं, हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा प्रश्न आहे. तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात, नोकऱ्या लागतील, कुणी बेंगळुरूला जाईल, सर्व्हरचं बिल कोण भरणार? कंपन्यांनाही हे जमलेलं नाही. अनेक गेमचे ऑनलाइन सामने जुळवणारं गेमस्पाय ३१ मे २०१४ ला बंद झालं आणि कमांड अँड काँकर जनरल्ससारख्या कितीतरी गेमची ऑनलाइन लॉबी एका रात्रीत गेली. एज ऑफ एम्पायर्स ऑनलाइन २०११ मध्ये आला आणि १ जुलै २०१४ ला बंद झाला. डिस्कवरची कुलपंसुद्धा मरतात. सेफडिस्क नावाचं संरक्षण विंडोजच्या एका ड्रायव्हरवर चालायचं. त्या ड्रायव्हरला सुरक्षेचं भोक होतं म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० नं तो घेतलाच नाही आणि जुन्या विंडोजवरही अपडेटनं बंद केला. त्या काळात पैसे देऊन घेतलेल्या अनेक डिस्क आज कपाटात चांगल्या स्थितीत पडून आहेत आणि चालत नाहीत. त्याच गेमच्या क्रॅक केलेल्या कॉप्या चालतात. प्रामाणिक माणसावर याहून मोठा अन्याय मला सुचत नाही.

ज्या गेमना चाहत्यांनी वाचवलं त्यांच्याकडं बघा, म्हणजे तपासणी आणि आपलेपणा एकत्र नांदू शकतात हे कळेल. सुप्रीम कमांडर: फोर्ज्ड अलायन्स या स्ट्रॅटेजी गेमचा मूळ सर्व्हर गेल्यावर चाहत्यांनी फोर्ज्ड अलायन्स फॉरएव्हर उभारलं. ते स्वयंसेवकांचं आहे, फुकट आहे, तरी आत यायला मूळ गेम विकत घेतल्याचा पुरावा खात्याला जोडावा लागतो. याच्या उलट बीनेटडीचं प्रकरण. १९९८ पासून काही प्रोग्रॅमरनी स्टारक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या बॅटलडॉटनेट या ऑनलाइन सेवेसारखा वागणारा मोफत सर्व्हर लिहिला, कारण मूळ सेवा वारंवार अडायची. तो सीडी-की (डिस्कबरोबर येणारा क्रमांक) तपासू शकत नव्हता. तपासायला मदत करा असं त्यांनी ब्लिझार्डला सुचवलं, कंपनीनं नकार दिला आणि खटला भरला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं निकाल कंपनीच्या बाजूनं दिला. कायद्यानं कंपनी जिंकली. पण चाहत्यांचा सर्व्हर खऱ्या ग्राहकालाच आत घेईल, असा रस्ता तिथं काढता आला असता असं मला आजही वाटतं. तुम्ही तो रस्ता पहिल्या दिवसापासून मोकळा ठेवा: सर्व्हरचा पत्ता गेमच्या कोडमध्ये पक्का ठोकू नका, सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा. उद्या तुमचा सर्व्हर गेला तर शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या पोराला स्वतःचा लावता आला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये जनरल्स आणि त्याचा विस्तार झिरो अवर यांचा सोर्स कोड अधिकृतपणे खुला झाला, तोही बावीस वर्षांनी. युरोपात विकलेले गेम सर्व्हर बंद करून मारू नका म्हणणाऱ्या चळवळीला जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांवर सह्या मिळाल्या. हा विषय आता काही मोजक्या हौशी लोकांचा राहिलेला नाही.

कायदा थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब सांगतं की चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर प्रोग्रॅम वापरला तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. कॅफेवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्यांचा वापर धंद्याचाच धरला जाईल. कलम ६५अ, २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं, हक्कभंगाच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं. तिथं हेतू महत्त्वाचा आहे. आणि कलम ५२ कायदेशीर प्रत असलेल्याला ती हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप ठेवायची मुभा देतं. म्हणजे कायदासुद्धा विकत घेणारा आणि चोरणारा यांना एका तागडीत घालत नाही. तुमच्या कोडनंही घालू नये.

आता प्रत्यक्ष काम. स्टीमवर गेम टाकायला प्रत्येक गेममागं शंभर डॉलर भरावे लागतात, विक्री हजार डॉलरच्या पुढं गेली की ते परत मिळतात. स्टीमचं स्वतःचं डीआरएम (कॉपी रोखणारं) आवरण मिळतं, पण ते पायरसीवरचा उपाय नव्हे असं स्टीमच्याच कागदपत्रांत लिहिलंय. मी ते लावलं नसतं. मल्टिप्लेअरसाठी गेमनं स्टीमकडून तिकीट घ्यायचं, तुमच्या लॉबी सर्व्हरला द्यायचं आणि लॉबी सर्व्हरनं ते स्टीमच्या वेब एपीआयकडून (प्रोग्रॅमना उत्तर देणाऱ्या सेवेकडून) पडताळून घ्यायचं. पडताळणीला लागणारी पब्लिशर की, म्हणजे तुमची गुप्त किल्ली, फक्त सर्व्हरवर ठेवा. ती चुकून गेमच्या फाइलमध्ये गेली की सगळं दार उघडं. उत्तरात दोन आयडी येतात, खेळणाऱ्याचा आणि मालकाचा. स्टीम फॅमिलीत, म्हणजे घरातल्यांनी गेम वाटून घ्यायच्या सोयीत, भावाचा गेम बहीण खेळत असेल तर दोन्ही वेगळे असतील. तिला आत घ्या, पण बंदीची नोंद मालकाच्या आयडीवरही ठेवा, नाहीतर मॅप हॅक करणारा घरातल्या सगळ्या खात्यांतून फिरून येईल.

तिकीट पटलं की तुमच्या सहीचं एक टोकन द्या, काही तास चालणारं. म्हणजे मधेच स्टीमची सेवा अडली तरी चालू सामने आणि पुढच्या लॉब्या चालत राहतील. दर मिनिटाला परत तपासू नका. सामना सुरू झाल्यावर तर अजिबात नको. लॉबी सर्व्हर पडला तरी चालू लढाई शेवटपर्यंत गेली पाहिजे, आणि लॉकस्टेपमध्ये ते सहज जमतं.

आपल्याकडची एक खास अडचण सीजीनॅटची. मोबाइल नेट आणि बरीच घरगुती ब्रॉडबँड कनेक्शनं त्याच्यामागं असतात, म्हणजे एकाच सार्वजनिक आयपीमागं शेकडो घरं. कळंब्यातला मुलगा होस्ट झाला तर पुण्यातला मित्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही आणि दोघांनाही वाटतं गेम बिघडलाय. स्टीमची रिले सेवा (दोघांची जोडणी मधल्या सर्व्हरवरून नेणारी) वापरा, ती स्टीमवरच्या गेमना फुकट मिळते. आणि याच कारणासाठी आयपीवरून कुणावर बंदी घालू नका, एका चोरामागं अख्खी गल्ली बाहेर बसेल.

दुसरी अडचण जुन्या पीसीची. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्यातरी सालात जातं, सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ म्हणून जोडणी फसते आणि पडद्यावर येतं ‘लॉगिन अयशस्वी’. कॅफेत या एका कारणानं किती पोरांनी पासवर्ड बदलले असतील! संदेश मराठीत आणि कारणासह लिहा: ‘तुमच्या पीसीची तारीख चुकीची दिसते’, ‘आमचा सर्व्हर बंद आहे, मोहीम आणि लॅन चालू आहेत’, ‘तुमची आवृत्ती जुनी आहे’. विंडोज ७ वाल्यांसाठी वेगळी ओळ लिहा, कारण १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं त्या विंडोजचा आधार काढलाय आणि आपल्या भागात ती यंत्रं अजून चालू आहेत.

लॅनसाठी तिकीट मागू नका. हो, त्यातून काही फुकट खेळतील. त्यांना रेटिंग मिळणार नाही, ऑनलाइन जोडीदार मिळणार नाहीत, नवा पॅच आपोआप येणार नाही. पैसे भरायला एवढी कारणं पुरेशी आहेत.

रिलीजच्या आधी एक चाचणी नक्की करा. एका पीसीची नेटची वायर काढा, तारीख दोन वर्षं पुढं ढकला, रीस्टार्ट करा आणि वेढ्याची मोहीम विशाळगडापर्यंत खेळा. मग दुसऱ्या पीसीला पहिल्याशी नुसत्या स्विचनं जोडून लॅनवर एक सामना पूर्ण करा. शेवटी लॉबी सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू सामना संपतो का बघा. हे तिन्ही जमलं की स्टोअरच्या पानावर तसं स्पष्ट लिहा: मोहिमेला आणि लॅनला नेट लागत नाही, ऑनलाइन सामन्यांना स्टीम खातं लागतं, आणि आम्ही सर्व्हर बंद केला तर त्याचा कोड खुला करू.